सायकलीवरचा साक्षीदार

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गेल्या काही महिन्यांपासून एकच प्रश्न दोन विरुद्ध दिशांनी येत आहे. एका बाजूने मुले आणि सुना विचारतात, 'बाबांनी सत्तरी ओलांडली तरी ते रोज पहाटे सायकल घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या सायकलीला कॅमेरा बसवून द्यावा का?' दुसऱ्या बाजूने त्याच वयाचे वाचक लिहितात, 'आयुष्यभर सायकल चालवली, कुणाला हिशेब दिला नाही. आता हा डोळा कशासाठी?' दोन्ही पत्रे एकाच घरातून तर निघाली नसावीत ना, अशी शंका कधी कधी येते.

माझे मत आरंभीच सांगतो. वयस्क सायकलस्वाराच्या सायकलीवर कॅमेरा असावा. मात्र त्यात टिपलेल्या चित्रणावर हक्क त्याचाच असावा, घरच्यांचा नव्हे. आणि तो असावा यासाठी सर्वसाधारणपणे जे कारण दिले जाते, ते मला मुख्य वाटत नाही. बेशिस्त वाहनचालकांना पकडण्यासाठी कॅमेरा हवा, असे तरुण सायकलस्वार म्हणतात. साठी ओलांडलेल्यांच्या बाबतीत खरे कारण निराळे आहे. पडलेल्या माणसाला आपण कसे पडलो हे अनेकदा सांगता येत नाही, आणि तेवढ्या एका उत्तरावर पुढचे उपचार अवलंबून असतात.

डोक्याला जोराचा मार बसला, की अपघाताच्या लगेच आधीचे क्षण स्मृतीतून पुसले जातात. इतर आठवणी हळूहळू परत येतात, पण ते शेवटचे क्षण पुष्कळदा कधीच परत येत नाहीत. रुग्णालयात डॉक्टर विचारतात, 'काय झाले?' रुग्ण म्हणतो, 'चौक ओलांडला एवढे आठवते, पुढे इथेच जाग आली.' मग सोबत आलेला कोणी भला माणूस आपल्या अंदाजाने कहाणी जुळवतो. रिक्षाने धडक दिली असावी, खड्डा असावा, कुत्रे आडवे आले असावे. हा अंदाज कागदावर उतरतो आणि तोच पुढे सत्य ठरतो.

याहून फसवी गोष्ट भोवळीची. वृद्धापकाळी रक्तदाब एकाएकी उतरल्याने, हृदयाची लय बिघडल्याने किंवा रक्तातील साखर खाली गेल्याने क्षणभर शुद्ध हरपू शकते. वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेली नवलाची गोष्ट अशी, की अशा अनेक वयस्क रुग्णांना आपली शुद्ध गेली होती हेच आठवत नाही. ते प्रामाणिकपणे सांगतात, 'मला चक्कर वगैरे काही आली नाही, पाय घसरला.' सायकलीवरून पडलेल्याच्या बाबतीत 'चाक घसरले' हे उत्तर सर्वांनाच सोयीचे असते. खरचटलेल्या गुडघ्याला पट्टी बांधून रुग्ण घरी येतो, आणि मूळ दुखणे मात्र तपासलेच जात नाही.

आता हाच प्रसंग कॅमेऱ्यासह कल्पून पाहा. हँडलवरच्या कॅमेऱ्याने पडण्यापूर्वीचा अर्धा मिनिट टिपलेला आहे. समोर रस्ता मोकळा, खड्डा नाही, वाहन नाही. तरीही चित्र संथपणे डावीकडे झुकत जाते, ब्रेक लागल्याची खूण नाही, हँडल सावरण्याचा प्रयत्न नाही. हे चित्रण पाहणारा डॉक्टर हृदयालेख काढील, चोवीस तास लय नोंदवणारे यंत्र लावील, बसून आणि उभे राहून रक्तदाब मोजील, गोळ्यांचा कागद पुन्हा वाचील. उलट, चित्रात मागून येणाऱ्या मोटारीचा आवाज आणि पाठोपाठ हादरा असेल, तर भोवळीच्या तपासण्यांमागे धावण्याचे कारण उरत नाही. निदान अर्थात एकट्या चित्रणावरून होत नाही. पण कुठे शोधायचे ते त्यावरून कळते.

मधुमेह असलेल्या वाचकांनी येथे थोडे थांबावे. रात्री किंवा पहाटे इन्सुलिन घेऊन, अथवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेऊन, उपाशीपोटी दहा-पंधरा किलोमीटर सायकल चालवणे धोक्याचे ठरू शकते. आपल्या गोळ्या त्या प्रकारातल्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि खिशात साखरेची पुडी किंवा गोड गोळ्या ठेवाव्यात. ही काळजी कॅमेरा घेणार नाही.

पडताना डोके आपटले की नाही, हेही चित्रणातून पुष्कळदा समजते. वय वाढते तसा मेंदू किंचित आकसतो आणि कवटीलगतच्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या वाटणाऱ्या आघाताने त्यातील एखादी फाटली, तर रक्त थेंबाथेंबाने साचत राहते आणि लक्षणे कधी कधी काही आठवड्यांनी दिसतात. वाढत जाणारी डोकेदुखी, दिवसाढवळ्या गुंगी, चालताना तोल जाणे, एका बाजूची कमजोरी, बोलण्यात असंबद्धता. घरच्यांना वाटते, वय झाले. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर हा धोका अधिक. अशा रुग्णाचे डोके आपटल्याचे चित्रणात दिसले, किंवा दिसले नाही तरी तशी शंका असली, तर सीटी स्कॅनचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. 'काही नाही, थोडे लागले' असे म्हणून घरी बसू नये.

आता दुसऱ्या कारणाकडे येऊ. सायकल हे कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन नाही, म्हणून तिचा विमा बहुधा नसतो. सायकलस्वाराला एखाद्या मोटारीने जखमी केले, तर भरपाई त्या मोटारीच्या सक्तीच्या तृतीय पक्ष विम्यातून मिळते आणि दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. त्यासाठी पहिली अट म्हणजे मोटार कोणती हे ठाऊक असणे. धडक देणारा पळून गेला आणि प्रयत्न करूनही वाहनाचा पत्ता लागला नाही, तर केंद्र शासनाची १ एप्रिल २०२२ पासूनची योजना उरते. तिच्यात मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये ठरलेले आहेत. वयस्क माणसाच्या खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि कित्येक महिन्यांची शुश्रूषा यांपुढे ५० हजार किती पुरतील, याचा हिशेब वाचकांपैकी अनेकांनी स्वतः केलेला असेल. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३०,४८६ धडक देऊन पळून जाण्याच्या घटनांतली होती. नंबरप्लेटवरच्या त्या चार आकड्यांचे मोल एवढे आहे.

परंतु ते आकडे टिपण्याची कॅमेऱ्याची शक्ती जाहिरातीत दिसते तितकी नसते, हे घेण्यापूर्वीच जाणून असावे. पहाटेचा अंधुक उजेड, खडबडीत रस्त्याचे हादरे, चिखलाने माखलेली पाटी आणि ताशी साठ किलोमीटरने जाणारे वाहन एवढे सगळे जमून आले, की पडद्यावर फक्त एक पांढरी रेघ उरते. अनुभवी सायकलस्वारांची यावर एक साधी युक्ती आहे: क्रमांक दिसताक्षणी तो मोठ्याने उच्चारायचा. चित्र धूसर आले तरी आवाज नोंदला जातो. 'पांढरी मोटार, शेवटी बेचाळीस सतरा' एवढे बोलले तरी पोलिसांना शोधाला धागा मिळतो. पासष्टीनंतर आकडे लक्षात ठेवण्याचा भरवसा धरण्यापेक्षा ते बोलून टाकणे केव्हाही बरे. आजूबाजूचे लोक वळून पाहतील, तर पाहू द्यावे.

कॅमेरा कुठे बसवावा? हँडलवर किंवा सीटखालच्या दांडीवर. हेल्मेटवर बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हेल्मेटचा गुळगुळीत घुमटाकार पडताना रस्त्यावरून घसरावा म्हणून असतो. त्यावर कठीण ठोकळा चिकटवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय मानेच्या मणक्यांचे दुखणे असलेल्यांना तेवढे वजनही जाणवते. वयस्कांना धडकेची भीती मुख्यतः मागून असते, म्हणून एकच कॅमेरा घ्यायचा असेल तर मागे असावा असे पुष्कळजण सुचवतात. वर सांगितलेला भोवळीचा विचार केला, तर मी पुढचा पसंत करीन. चार्जिंग, दिनांक आणि वेळ यांची खात्री आठवड्यातून एकदा करावी. जागा भरली की जुने पुसून नवे नोंदवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती सोयीची आहे, मात्र त्यामुळेच अपघातानंतर पहिले काम कॅमेरा बंद करून मेमरी कार्ड बाजूला काढणे हे असते. ते राहून गेले आणि कोणी कौतुकाने कॅमेरा पुन्हा चालू केला, तर हवे तेच पुसले जाते.

त्या कार्डाचे पुढे काय करायचे, याविषयी घरोघरी मोठा गोंधळ आढळतो. उत्साही नातू चित्रण मोबाइलवर घेतो, नको तो भाग कापतो, व्हॉट्सॲपवर पाच जणांना धाडतो आणि कार्ड मोकळे करून परत लावतो. व्हॉट्सॲपवरून जाताना चित्रण दाबले जाते, बारकावे जातात. मूळ नष्ट झालेले असते. जालन्याच्या २०१४ मधील विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात चाललेला खटला या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यात निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण पुरावा म्हणून पुढे आले होते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र सोबत हवेच. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला येऊन हजर केले, तर मात्र प्रमाणपत्राची गरज नाही. हा निर्णय जुन्या पुरावा कायद्याखालचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हा विषय कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्राचा नमुनाही कायद्यातच दिला आहे. कार्यपद्धती वकील पाहतील. आपण एवढेच करावे: मूळ कार्ड लिफाफ्यात घालून त्यावर तारीख लिहावी, पाहण्यासाठी वेगळी प्रत काढावी, आणि मूळ चित्रणात एका क्षणाचीही काटछाट करू नये. कार्ड पोलिसांना दिले तर त्याची पोच घ्यावी.

चित्रण समाजमाध्यमावर टाकावे का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध 'नाही' असे आहे. ब्रिटनचे उदाहरण पाहू. सायकलस्वार आणि चालकांनी टिपलेली धोकादायक वाहनचालनाची चित्रणे पोलिसांनी स्वीकारण्याची 'ऑपरेशन स्नॅप' नावाची व्यवस्था तेथे २०१६ मध्ये उत्तर वेल्समध्ये सुरू झाली आणि नंतर इतरत्र पसरली. चित्रण थेट पोलिसांकडे जाते, ते पाहून ठरवतात. बीबीसीचे प्रसिद्ध निवेदक जेरेमी व्हाइन हे लंडनमध्ये कॅमेरा लावून सायकल चालवत. ऑगस्ट २०१६ मध्ये एका मोटारचालक महिलेने त्यांना रस्त्यात अडवून धमकावले, ते चित्रण न्यायालयात पोहोचले आणि २०१७ मध्ये तिला ९ महिन्यांचा कारावास झाला. कॅमेऱ्याचा उपयोग सिद्ध करणारी घटना म्हणून ती सांगितली जाते. परंतु त्याच व्हाइन यांनी एप्रिल २०२५ मध्ये आपली सायकलीवरची चित्रणे लोकांसमोर मांडणे थांबवल्याचे जाहीर केले. कारण होते त्यांच्यावर होणारा शिव्याशापांचा वर्षाव. सार्वजनिक जीवनात मुरलेल्या माणसाची ही गत. मग उच्च रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आपल्या आजोबांनी रात्री अनोळखी लोकांच्या शिव्या वाचत का बसावे?

समाजमाध्यम सोडले तरी रोज संध्याकाळी सकाळचे चित्रण पाहत बसण्याची सवय लागू शकते. कोणी अंगावर मोटार घातली, कोणी विनाकारण कर्णा वाजवला, हे रस्त्यावर एकदा घडून गेलेले असते; पडद्यावर ते पुन्हा पुन्हा घडते आणि दर वेळी तेवढाच संताप येतो. सायकल चालवून मिळालेली प्रसन्नता अशी संध्याकाळी गमावून बसण्यात कसला लाभ? काही घडले नाही तर कार्ड उघडूच नये. रस्त्यातही 'माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे' असे कोणाला सुनावू नये. तरुण माणूस धक्काबुक्कीतून सावरतो, पंच्याहत्तरीतला सावरेलच असे नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न मात्र घराच्या आतला आहे, आणि काळजीवाहू वाचकांशी थोडे मोकळेपणाने बोलायला हवे. वडिलांना कॅमेरा घेऊन देताना मनात नेमके काय असते? अनेक घरांत तो सुरक्षिततेच्या नावाने येतो आणि महिनाभरात खटल्याचा कागद होतो. 'हे बघा बाबा, इथे तुम्ही सिग्नल तोडला. इथे रिक्षा किती जवळून गेली. उद्यापासून सायकल बंद.' ज्या माणसाने पोटापाण्यासाठी चाळीस वर्षे याच सायकलीवरून कारखाना गाठला, त्याला आपल्याच घरात आरोपीसारखे उभे केले जाते. परिणाम काय होतो? एक तर तो सायकल सोडतो आणि तिच्याबरोबर पायांतली ताकद, सकाळचे मित्र, मनाचा उत्साह हेही हळूहळू सुटते. नाही तर तो कॅमेरा 'विसरू' लागतो, आणि खरोखर पडेल त्या दिवशी कॅमेरा घरीच असतो. दोन्हीत हार घरच्यांचीच.

म्हणून कॅमेरा येण्याआधी बोलणे व्हावे. कार्ड वडिलांच्या कपाटात राहील. ते पडले, धडक बसली किंवा त्यांनी स्वतःहून दाखवले तरच उघडले जाईल. थेट प्रक्षेपण करणारे, परदेशातल्या मुलाला मिनिटामिनिटाची हालचाल दाखवणारे उपकरण त्यांच्या संमतीवाचून बसवले जाणार नाही. आणि आजोबांनो, आपल्याकडूनही एक गोष्ट अपेक्षित आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा, आपल्या मर्जीने, एखाद्या फेरीचे चित्रण विश्वासातल्या माणसासोबत पाहावे. सायकल सरळ रेषेत जाते की सारखी एका बाजूला ओढते, खड्डा अगदी जवळ आल्यावरच दिसतो का, समोरून येणाऱ्या दिव्यांनी आपण गडबडतो का, हे चालवणाऱ्याला कळत नाही, चित्रात कळते. मोतीबिंदूची, कानांची किंवा तोलाची तपासणी त्यावरून वेळेवर होऊ शकते. जाता जाता सांगतो, कंपवातासारख्या आजारांचे निदान करताना मेंदूविकारतज्ज्ञ 'सायकल चालवता येते का?' असा प्रश्न मुद्दाम विचारतात, कारण खऱ्या कंपवातात ही क्षमता बराच काळ टिकते आणि त्याच्याशी साम्य असलेल्या काही आजारांत ती लवकर जाते. सायकलीवरचा तोल ही वैद्यकीय माहिती आहे, ती पुराव्यासह हाताशी असेल तर चांगलेच.

खर्चाचा विचार करणाऱ्यांनी क्रम चुकवू नये. कॅमेरा घडलेले सांगतो, घडणारे टाळत नाही. आधी उजव्या हाताला आरसा. मान मागे वळत नाही त्याला तर तो अत्यावश्यक, कारण आपल्याकडे वाहने उजवीकडून ओलांडून जातात. मग मागचा लाल दिवा, दिवसाही लुकलुकता. मग हेल्मेट आणि खणखणीत घंटा. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी सीटखाली बसणारे रडार मिळते. मागून येणारे वाहन ते सुमारे १४० मीटरवरून ओळखून हँडलवरच्या पडद्यावर खूण दाखवते, आणि काही प्रकारांत त्यातच कॅमेराही असतो. महाग आहे, पण श्रवणयंत्र वापरणाऱ्या सायकलस्वाराला वाऱ्याच्या घोंघावण्यात मागची मोटार ऐकू येत नाही, हे लक्षात घेता खर्च वाया जाणार नाही.

पुण्यातल्या वाचकांसाठी एक सूचना. खडकी, कॅम्प, खडकवासल्याकडची प्रबोधिनी या भागांतून सकाळच्या फेऱ्या जातात. तेथे लष्करी हद्दीत चित्रीकरणास मनाई असल्याचे फलक असतात. तो फलक दिसला की कॅमेरा बंद करावा, हद्द संपली की चालू करावा.

अपघात झालाच तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. मे २०२५ पासून मोटार वाहनामुळे जखमी झालेल्याला नेमलेल्या रुग्णालयांत पहिले ७ दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची योजना लागू आहे. रुग्णालयात तिचा उल्लेख आवर्जून करावा. जखमी माणूस रुग्णालयात जातो तेव्हा सायकल बहुधा रस्त्याकडेला पडून राहते, आणि तिच्यावरची ती काडेपेटीएवढी वस्तू काय आहे हे तेथे कुणाला ठाऊक नसते. म्हणून खिशातल्या ज्या कागदावर आपण रक्तगट, चालू औषधे आणि घरचा फोन क्रमांक लिहून ठेवतो, त्याच्या खाली ठळक अक्षरांत आणखी एक ओळ लिहावी: 'सायकलीवर कॅमेरा आहे. कृपया बंद करून माझ्या घरच्यांकडे द्यावा.'